वरचा रुपया

मन्याडच्या वाळूत भरतो आमच्या जत्रेचा फड.
इनामाची वही माझ्याकडं,
कारण मी तीस वर्षं तलाठी होतो
आणि माझी बेरीज चुकत नाही, असा गावाचा समज.

पहिली जोड रेवड्यांची.
लंगोट मोठे, पोरं लहान,
हरलेलंही मूठभर घेऊन पळतं.
मग नारळाची. मग वीसची, शंभरची.
ऊन कलतं तसा आकडा चढतो.

"इनाम हजार एक!" माइकवर इरबा ओरडतो
आणि मला दिसतं दप्तरातलं कसर लागलेलं पान,
निजामाच्या वेळचं:
दर्ग्यात दिवा लावण्याबद्दल, दोन एकर.
देवळापुढं वाजवण्याबद्दल, एक एकर, तेही खडकाळ.
जिंकण्याबद्दल एकही नोंद नाही.
निदान मला सापडली नाही.
त्या पानावर इनाम म्हणजे
रोज करत राहा,
कुणी बघत नसलं तरी.

शेवटच्या जोडीचे एक्कावन्न हजार एक
कुठून आले, मला विचारा.
गिरणीवाल्याचे पाचशे, अजून पिठाळ.
कासारणीचे वीस, घामानं मऊ.
सौदीहून जब्बारचे दोन हजार,
नाव पुकारू नका म्हणाला.
सरपंचाचे पाच,
नाव चारदा पुकारलं.

यंदा ती जोड सुटलीच नाही.
मुखेडचा हाणमंत, कंधारचा खाजामिया,
पाऊण तास डोक्याला डोकं लावून उभे,
जणू काही गुपित बोलायलेत.
दिवस बुडाला. पंचांनी बरोबरीत सोडवली.
लोक चिडले, चपला शोधू लागले.

वाटणी केली.
पंचवीस हजार पाचशे, पंचवीस हजार पाचशे.
वरचा एक राहिला.
शकुनाचा, न फुटणारा.
हाणमंत म्हणाला, त्याला द्या.
खाजा म्हणाला, त्याला.

तिकडं मसाजी पाचटाच्या जाळावर
हलगी शेकत बसला होता.
दुपारपासून वाजवत होता,
सगळ्यांच्या कुस्त्या, एकट्याच्या मनगटावर.
खडकाळ एकराच्या पानावर
त्याच्या पणज्याचा अंगठा आहे.
ते रान आता कुणाच्या नावावर,
मला माहीत आहे. फेर मीच ओढला होता.

रुपया त्याच्या तळहातावर ठेवला
आणि वहीत लिहिलं, शुद्ध अक्षरात:
एक रुपया, वाजवत राहण्याबद्दल.

जाळाच्या उजेडात त्यानं तो उलटापालटा करून बघितला.
"साहेब," म्हणाला,
"चहा दहाला झालाय."