टी, ओ, एन

हाय स्ट्रीटच्या वळणावर, बेकरीसमोर,
चार फूट खाली
दुंडाप्पा हुंदरेंना एक गाव सापडलं.

तसा पाईपच होता. बिडाचा, बोटभर गंज चढलेला.
ओलं फडकं फिरवलं तशी उठावाची अक्षरं वर आली.
आधीची झिजलेली,
शेवटची तीन तेवढी धड : टी, ओ, एन.

"विलायतेतलं गाव. तिथं ओतलाय हा."
"टन? असं कुठं नाव असतंय व्हय?"
"शेपूट आहे रे. आपली निम्मी गावं 'गाव'नं संपतात,
त्यांची टननं.
आपलं तरी शेपूट कुठं एक राहिलं?
कधी गाव, कधी गाम, आता गावी."

मग खड्ड्याच्या काठावर पाय सोडून,
भाकरीवर झुणका घेऊन,
त्यांनी मला त्या गावाचा इतिहास सांगितला.

नदी असणार.
चिमण्या तीन, फार तर चार.
रविवारी चर्चची घंटा, सोमवारी डोकेदुखी.
दारात उभी राहून
नवऱ्याच्या शर्टावरची ठिणग्यांची भोकं मोजणारी
एक बाई तरी असणारच.
राजा-बिजा कुणी आला नसेल;
आला तरी थांबला नसेल, धूर फार.
ओतणाऱ्यानं कॅम्प कधी बघितला नाही,
पण नळ्या मापात पाठवल्या,
एक आखूड नाही.

"आणि पाणी?"
"आधी साहेबाच्या बंगल्याला, मग घोड्यांना, मग बराकीला.
माझा आजा बैलावर पखाल घालून फिरायचा.
ही नळी पुरली त्या सालात
त्यानं बैल विकला."
हे सांगताना त्यांनी पाईपवर हात ठेवला होता,
रागानं की मायेनं, मला कळलं नाही.

मी म्हटलं, तो कारखाना आता बंदच पडला असेल.
हुंदरे काही बोलले नाहीत.
डबा धुतला, करवत मागितली.

संध्याकाळी निळा प्लॅस्टिकचा तुकडा बसला.
त्याच्यावर गावाचं नाव नाही, नुसती तारीख.
बेकरीतल्या अक्कानं तोटी सोडली :
आधी वारा,
मग लालभडक गढूळ,
मग ती आतूनच ओरडली, "नीर बंतु!"

भंगारवाला वजनावर भाव देत होता.
हुंदरेंनी दीड फूट कापून
सायकलच्या कॅरियरला बांधलं.
त्यांच्या परड्यात बंब कलत होता, त्याला टेकू झाला.
अक्षरं वरच्या अंगाला.
नात परवा विचारत होती,
आजोबा, हे नाव कुणाचं?