घटनेतील बदल

आप्पांनी दुकान मला विकलं
ते उभ्या उभ्या, काउंटरवर, बशीतला चहा संपायच्या आत.
रॅक, फ्रीज, चिल्लरचा गल्ला,
उंदरांनी कुरतडलेलं एक कॅलेंडरसुद्धा.
लायसन तेवढं विकता येत नाही.
मला ते डी. फार्मच्या पुस्तकातून माहीत होतं,
त्यांना लातूरच्या ऑफिसात कळलं,
पंख्याखालच्या बाईंनी फॉर्मवर बोट ठेवलं तेव्हा:
फर्मच्या घटनेत बदल.

घटना म्हणजे? काही घडलंच नाही की बाई, आप्पा म्हणाले.
अकरा वर्षं झाली, ही माझ्याच दुकानात आहे.
सही हिची, चावी माझी.
आता चावी पण हिची, एवढंच.
बाई म्हणाल्या, तीन महिने.
तोवर जुनं चालेल. पुढं नवं नसेल तर शटर.

परतीच्या एस.टी.त नळेगावपर्यंत ते गप्पच.
मग म्हणाले, चौतीस वर्षांत तो कागद
भिंतीवरून एकदाच खाली उतरवलाय. रंग देताना.

मग कागदांमागे कागद.
भाडेकरार नव्यानं, जागेचा नकाशा,
फ्रीजचं बिल, जे सापडेना, कारण ती कंपनीच बुडालेली,
आणि माझं प्रतिज्ञापत्र,
की मी दुसरीकडं कुठंही फार्मासिस्ट नाही.
नोटरीनं विचारलं, पूर्ण नाव?
परवीन महेबूब बागवान.
शेजारून आप्पा: नीट लिहा हो. बागवानला काने दोन.

इन्स्पेक्टर आले भर मे महिन्यात, टेप घेऊन.
दहा चौरस मीटर लागतात,
आणि उदगीरच्या जुन्या भिंती दीड दीड हात जाड.
आप्पा दुपारी ज्यावर आडवे व्हायचे ते बाकडं
मी आदल्या दिवशीच बाहेर काढलं होतं.
त्यांनी पाहिलं.
काही बोलले नाहीत,
टेपचं दुसरं टोक धरून भिंतीला टेकून उभे राहिले.
दहा पूर्णांक दोन.

गुरुवारी तीन महिने संपले.
नवं लायसन संगणकात कुठंतरी प्रलंबित.
बंद शटरवर आप्पांनीच खडूनं लिहिलं,
मालक बदलत आहे.

शनिवारी रात्री साडेअकराला शटर वाजलं.
बीदर रोडचा नरसिंग, कडेवर पोरगं,
पोराच्या छातीत शिट्टी, बापाच्या मुठीत चिठ्ठी.
पंप आत होता. दुसरा रॅक, उजवीकडून चौथा,
डोळे मिटून हात गेला असता.
वरच्या मजल्यावरून आप्पा उतरले, गल्लीतून मी धावत आले.
मी कुलपाकडं बघत होते, आप्पा माझ्याकडं.

स्कूटी काढली.
नरसिंग मागं, पोरगं मधी, देगलूर रोडला बच्चेवारांकडं.
तुमचं गिऱ्हाईक, आणि माझ्या दारात? बच्चेवार म्हणाले,
बोलता बोलता पंप फोडून हातात दिला.
पैसे मी दिले. बिल मागून घेतलं.

परत आले तर आप्पा त्या बाहेरच्या बाकड्यावर.
पोरगं?
श्वास लागला नीट.
उघडलं असतंस तर?
मी म्हटलं, कुणाच्या नावावर?
त्यांनी बराच वेळ विचार केला.
कुत्री भुंकून थांबली.
म्हणाले, आज त्या कुलपाला मालकच नव्हता बघ.

मंगळवारी लायसन आलं.
जुन्याच खिळ्याला लावलं, थोडं तिरकं बसलं.
पाटी बदलली नाही अजून, पेंटर चार हजार म्हणतो,
आणि लोक तसंही आप्पाचं दुकानच म्हणतात.

पहिलं गिऱ्हाईक सकाळी नऊला, काउंटरच्या बाहेरून.
धोतर स्वच्छ, कपाळावर भस्म.
बीपीच्या द्या एक पत्ता, नेहमीच्या.
मी म्हटलं, चिठ्ठी?

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं,
मग भिंतीवरच्या कागदाकडं,
आणि चिठ्ठी आणायला
जिना चढू लागले.