मंगळवारची परात

आमच्याकडे बाळाचं नाव शोधावं लागत नाही,
ते आलेल्या दिवशीच ठेवलेलं असतं.
शुक्रवारचा फिफी, बुधवारचा अबेकू,
मंगळवारी मुलगा झाला तर कोबिना, मुलगी झाली तर अराबा.
या किनाऱ्यावर हाक मारली
की वारही कळतो.

म्हणून रविवारी देवळात दानही वारानं गोळा होतं.
वेदीपुढे सात पराती. ढोल वाजतो,
एकेका वाराची माणसं रुमाल फिरवत, नाचत पुढे येतात,
आणि मी, एबेनेझर क्वान्सा, निवृत्त गणितशिक्षक,
नोटा मोजून माईकवर आकडे वाचतो.
सर्वांत कमी कुणाचे, तेही वाचतो.
लोक हसतात. चुरस लागते.
निम्मं छप्पर या हसण्यावर शाकारलंय.

मंगळवारवाले एके काळी अकरा होते.
दोघांना समुद्रानं ठेवून घेतलं.
चौघं ताकोराडीला तेलाच्या कामावर गेले,
ख्रिसमसला फोन करतात.
बाकीचे म्हातारे होते.
उरली अराबा, मासे धुरावर वाळवणारी.
तिच्या एकटीसाठी किती वाजवायचं
हे ढोलवाल्याला अजून उमगलेलं नाही.
ती मात्र नाचत येते, अकरा जणांची जागा व्यापून.
तिच्या नोटांना धुराचा वास असतो,
डोळे मिटूनही मी त्या वेगळ्या काढीन.

जुलैत समुद्र बंद. होड्या वाळूवर पालथ्या,
अराबाच्या भट्टीत कोंबडी अंडी घालते.
त्या रविवारी तिनं कमरेची गाठ सोडली,
दोन नाणी परातीत टाकली.
पत्र्याला पत्रा लागावा तसा आवाज झाला
आणि तो सगळ्यांनी ऐकला.

तेव्हा फिफी उठला. म्हणाला,
"आई सांगायची, मी झालो तेव्हा पहाट होती,
कोंबडा आरवला होता की नव्हता, कोण जाणे.
मी मंगळवारचाही असेन."

शुक्रवार आणि मंगळवार यांच्यामध्ये
तीन अख्खे दिवस आहेत.
मी चौतीस वर्षं गणित शिकवलंय.
मी काही बोललो नाही.

मग अबेकूची आईही विसराळू निघाली.
मग पाळकबाईंची. मग रांगच लागली,
जन्मवेळेचा घोळ झालेल्यांची.
अराबा पुढे उभी होती, वळून पाहत होती,
आणि खोटं कशाला सांगू, ती रागावली होती.
तिची मान मला दिसत होती.

मंगळवार पहिला आला. मी आकडा वाचला.
शुक्रवारवाल्यांनी कुरकुर केली, ती वहीत लिहिली नाही.
परातीच्या तळाशी दोन नाणी होती,
कसलाच वास नसलेली.

मंगळवारी आमच्याकडे एरवीही कुणी समुद्रात जात नाही,
तो दिवस समुद्राचा स्वतःचा.
फिफी अंगणात जाळं सांधत बसला होता,
मी पलीकडच्या ओट्यावर.
अराबा आली. हातात कागदाची पुडी,
आत गेल्या हंगामातला मासा, लाकडासारखा काळा,
कुठल्या माळ्यावर जपून ठेवलेला, देव जाणे.
फाटकाशी थांबली, पुडी पुढे केली नाही.
आधी हाक मारली, जोरात,
सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी:
"कोबिना!"

त्या घरात कोबिना कधीच नव्हता.
फिफीनं जाळं बाजूला ठेवलं
आणि ओ दिली.