माया

मडगाव एक ते चार झोपतं.
मीही झोपायचो, शटर ओढून, मशीनच्या पायाशी,
चाळीस वर्षं. आता बुधवारी दोनलाच उठतो,
आक्याला पडद्यांच्या दुकानावरचा जिना चढतो,
हात धुतो, पालथे करून पुढे धरतो.
छोडेनबाई आधी नखं बघते. मग पीठ देते.

फी नाही. सहा एप्रनांची शिलाई
आणि एक बखू ढिला करून दिला, त्यात फिटलं.

बखूचं सांगायला हवं.
कालिंपोंगहून आणलेला, तिच्या आईच्या अंगचा,
जांभळा, काखेत विटलेला.
"होईल का, मेस्त?"
म्हटलं, आत कापड असलं तर होईल,
नसलं तर देवालाही वाढवता येत नाही.
बाजूची शिवण उसवली
आणि आत तीन बोटं माया.
तीन बोटं! आम्ही हल्ली अर्धा इंच सोडतो,
त्याचाही गिऱ्हाईक हिशेब मागतं.
डोंगरातल्या कुण्या शिंप्यानं
कापड न चोरता
न जन्मलेल्या मुलीसाठी दुमडून ठेवलेलं.
आतला जांभळा अजून कोरा.
त्या दिवशी मशीन जरा उशिरानंच चाललं.

तर वर्ग. आम्ही पाच जण.
इतेलविना, जिला कुठल्याही सारणात शोरीस घालायची असते.
बँकेतला रुद्रेश, तो मिनिटं मोजतो.
बाणावलीच्या दोघी बहिणी, त्या फक्त हसतात.
मैदा मळून ओल्या फडक्याखाली निजवायचा.
"पिठालाही दुपारची झोप," इतेलविना म्हणते,
"हें गोंयचेंच पीठ."
मग लाटायचं, कडा पातळ, मध्ये जाडसर.
मी टेप लावून मोजलं.
बाईनं टेप काढून घेतला, स्वतःच्या गळ्यात घातला.

कोबी, सुंगटं, आलं, कांद्याची पात.
"अठरा चुण्या," म्हणाली.
चुण्या? मी मनात हसलो.
बाप्तिस्म्याच्या झबल्यांना घातल्यात मी चुण्या,
पाद्रीनं चष्मा काढून बघाव्यात अशा.
अंगठा आत, तर्जनी पुढे, दुमड, दाब, सरक.
अठराच्या जागी बावीस घातल्या.
बाणावलीच्या बहिणी हसायच्या थांबल्या.

वाफेवरचं झाकण उघडलं
तर माझे सहाच्या सहा फाटलेले.
सुंगटं बाहेर, कोबी खाली पाण्यात,
वर चुण्या मात्र इस्त्री केल्यासारख्या.

"पोट भरलंत," बाई म्हणाली, "काठाला काय ठेवलंत?"
बोट फिरवून दाखवलं:
इथे एवढं कोरडं सोडायचं, एवढं रिकामं.
तिच्याकडे त्याला शब्द असणार,
हिंदीत सापडेना.
"माया," मी म्हटलं.
"माया?"
रुद्रेशनं मध्येच भलता अर्थ सांगितला.
ती लाजली, मी कानापर्यंत तापलो,
इतेलविना खोकत खिडकीशी गेली.
मग मला काहीच सुचेना,
मी पिठाची तीन बोटं वर धरली.
म्हटलं, बखूत होती ना, ती.

ती माझ्या बोटांकडे बघत राहिली.
गॅस चालूच होता. कुणी बंद केला नाही.

दुसऱ्या खेपेला निम्मं सारण, अकरा चुण्या.
एक फाटला. एक तिथंच खाल्ला, जीभ भाजली.
चार डब्यात घालून आणले.
बायको मागच्या दारात, नुकती उठलेली.
एक उचलून उजेडात धरला,
काठावरून नख फिरवलं,
काजं-बटणं तपासते तसं.
"नेवरी उकडलीत?"
म्हटलं, हं.
"बरं," म्हणाली. खाल्ला. दुसरा घेतला.
गोड का नाही, विचारलं नाही.

चार वाजले. शटर वर केलं
तर पायरीवर एक बाई, शाळेच्या युनिफॉर्मचं कापड,
बोटाला धरलेली मुलगी.
"वाढत्या अंगाची आहे, मेस्त."
मी गळ्याशी हात नेला.
टेप आक्यालाच राहिला होता.
वितीनं माप घेतलं.