खांब क्रमांक सत्तेचाळीस

तुम्ही म्हणता, नोटीस लावली होती.
होती. मी नाकारत नाही.
टॅनर्स रोच्या टोकाला, खांब क्रमांक सत्तेचाळीस,
जिथे फुटपाथ संपतो आणि काटेरी झुडपं सुरू होतात,
तिथे, झुडपांकडे तोंड करून
प्लास्टिकच्या पिशवीत एक पिवळा कागद.
पिशवीचं तोंड वर.
महिना नोव्हेंबर.
कोल्डबेकला कधी आला असाल
तर पुढचं सांगायला नको.

पहिला वाचक बहुधा डग्डेलांचा कुत्रा.
त्याने आपली हरकत मुदतीच्या आत
खांबाच्या बुंध्याशी नोंदवली.
आम्ही बाकीचे उशिरा पोचलो.

तोवर शाई उतरून पिशवीच्या तळाशी साचलेली,
निळसर, बोटभर पाणी.
त्या पाण्यात तीन मजले होते,
अकरा फ्लॅट, चौदा गाड्या
आणि आमचे एकवीस दिवस.
कोरडी उरली होती शेवटची ओळ :
आपले म्हणणे लेखी कळवावे.

पत्रही पाठवलंत म्हणे.
'रहिवासी, सोळा नंबर.'
सोळा नंबरची विनिफ्रेड मार्चमध्ये गेली.
किल्ली माझ्याकडे असते. दार ढकललं
तर पिझ्झ्याच्या पत्रकांखाली तुमचा लिफाफा,
कडक, कोरडा, अगदी वेळेवर आलेला.
मी अठरा नंबरात. तिच्या भिंतीला माझी भिंत.
पण तुमच्या नकाशावर
माझं कुंपण त्या जागेला लागत नाही,
चार फुटांनी हुकतं.
सावलीला हे कुणी कळवलेलं दिसत नाही.

वर्तमानपत्रातही होतं.
ते इथे येणं बंद झालं बँक गेली त्याच वर्षी.
संगणकावर तर होतंच :
अर्जाचा क्रमांक टाका, अर्ज दिसेल.
आणि क्रमांक?
अर्जावर.

सभेत मला तीन मिनिटं दिलीत.
एक गेलं चष्मा सापडण्यात.
अध्यक्ष सौजन्याने म्हणाले,
खिडकीतून काय दिसतं
हा मुद्दा ग्राह्य धरता येत नाही, मिसेस हेबलथ्वेट.
मी दिसण्याबद्दल बोलतच नव्हते.
खिडकीच्या कट्ट्यावर मी पेन्सिलीने खुणा केल्यात,
कुठल्या महिन्यात ऊन कुठवर येतं त्याच्या.
जानेवारीची खूण चहाच्या कपाएवढी.
तेवढीच सांगायची होती.
घंटा वाजली.

एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत नसावी.
एकतीस वर्षं या गल्लीत टपाल मी वाटलंय.
कुणाची पेटी बोट चावते,
कोण बहिरं आहे, कोण मागच्या दाराने येतं,
कुणाचं पत्र उंबऱ्यावर न ठेवता हातात द्यायचं,
सगळं मला पाठ.
तो पिवळा कागद माझ्या हातात दिला असतात
तर चाळीस दारं, अर्धा तास.
आताच्या गुडघ्यांनी, पाऊण.

परवा तुमचा पोरगा दिसला, खांब बावन्नपाशी.
टोबियास नाव, बूट भिजून पिचपिचत होते.
दिवसाला साठ नोटिसा, म्हणाला,
आणि शिडी देत नाहीत.
त्याच्यावर काय ओरडायचं?
चहा दिला. हात गरम झाल्यावर
तो स्वतःच कागद रस्त्याकडे फिरवून आला.

मग मी वही घेऊन बाहेर गेले
आणि सगळा मजकूर उतरवून घेतला,
क्रमांकासकट, पेन्सिलीने.
पेन्सिल पावसाला दाद देत नाही.
सव्वीस प्रती झाल्यात. चौदा बाकी.
बोटं आखडतात, मध्ये थांबावं लागतं.

टोबियास निघाला तेव्हा दारातून हाक मारली,
पिशवीचं तोंड खाली ठेव रे,
पुढच्या खांबापासून.
म्हणाला, असं कुणी सांगितलंच नव्हतं.