ओहोटीचे चार तास

चिलोए बेटावर समुद्र चारच तास मागे सरतो.
तेवढ्यात खांब रोवायचे.
नायादेत, वय एकोणीस, कमरेपर्यंत चिखलात,
ओळंबा धरून ओरडते: डावीकडे! अजून! बास.
रोसामेल घण घालतो.
त्याची आई गेल्या वर्षी
खुर्चीत बसून, चौघांच्या खांद्यांवरून
पाण्यातूनच होडीपर्यंत गेली होती,
दवाखान्याला. परतली नाही.
त्यावर कोणी बोलत नाही.

बटाटे उकडलेत, शिंपले उघडलेत,
शहरातून आलेल्या पोरांचे तळहात
सोलून निघालेत; तीही आता
खिळे दातांत धरून हसतात.

शेवटची फळी वीतभर आखूड निघाली.
मापात कोण चुकलं, यावर
थोडा वाद झाला.
राहू दे, म्हणाला रोसामेल.
त्या फटीतून
भरती वर येताना दिसते.