गाभोळी

ऑगस्टभर कोडियाकमध्ये आमच्या हातांना एकच काम.
सामनचं पोट उघडायचं,
गाभोळी अखंड बाहेर काढायची,
फाटलेली डावीकडे, न फाटलेली उजवीकडे.
केशरी, गार, अंगठ्याला चिकटणारी.
एकेका मादीत हजारो.
मी मोजत नाही. मोजायची नाहीत असं ठरवलंय.

अँकरेजला डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला :
ही बघ तुझी.
काळे दाणे, कडेकडेनं बसलेले,
धक्क्यावर माणसं बसतात तसे,
आणि बोट लागतच नाही.

पाच-सहा किलो उतरव, त्या म्हणाल्या,
पाळी कदाचित रुळावर येईल.
तो 'कदाचित' मी विमानातून घरी आणला.
सामानात त्याचं वजन कुणी धरलं नाही.

इलोइलोहून आई फोनवर :
गाल वर आलेत, सुखात दिसतेस.
मग आवाज खाली आणून : काही आहे का?
माशांचा सीझन आहे, आई.

आता भात अर्धी वाटी.
आमच्यात भात नसेल तर ते जेवणच नव्हे,
मधलं काहीतरी खाणं.
रोमुलो आपलं ताट खिडकीकडे तोंड करून संपवतो.
लाज की माया, मी विचारलं नाही.
पहाटे चिमटा, हनुवटीवरचे पाच केस.
गोळीनं पोट ढवळतं;
इथल्या वासात ते कुणाच्या ध्यानात येत नाही, तेवढं बरं.
बाहेर चालावं तर अस्वलं,
म्हणून सुट्टीत गोदामातच,
बर्फाच्या यंत्रापासून पॅलेटपर्यंत, चाळीस खेपा.
पॅलेट उचलणारी पोरं आधी हसायची. आता बाजूला होतात.

एका रात्री तासी म्हणाली, चढ गं लिगाया.
माशांचा काटा, पत्र्याचा, खवल्यांनी बुळबुळीत.
वजा बूट, वजा एप्रन, तिनं हिशोब केला,
आणि ओरडली : तीन किलो कमी!
तीन किलो म्हणजे एक बरासा सामन.
एवढा मासा मी अंगात घेऊन फिरत होते,
आणि अजून दोन-तीन आहेत.

एकोणऐंशीव्या दिवशी, पट्टा चालू असताना,
कमरेत ती जुनी कळ.
मी हात वर केला. संडासात गेले.
मूल हवं असलेल्या बायका
हा डाग बघून रडतात, मला माहीत आहे,
मीही लग्नाच्या पहिल्या वर्षी रडले होते.
आज रबरी बूट फरशीवर आपटत
एकटीच हसले, बाहेर कुणीतरी दार वाजवेपर्यंत.

परत आले. हातमोजे बदलले.
लिहायला कागद नव्हता, म्हणून मार्करनं
खोक्याच्या झाकणाला आतून तारीख टाकली.
खोकं जपानला गेलं.
तिकडे कुणी उघडेल,
त्याला वाटेल, पॅकिंगची असेल.